धानावरचे शाईचे ठिपके

नलू,

गणपतीची सुट्टी आणि सहामाही परीक्षा यांतून सवड काढून कॉलेजने अखेर या आठवड्यात तुझी शोकसभा उरकली. प्राचार्य म्हणाले, मॅडमनी आयुष्यात कधी कोणाचं वाईट चिंतलं नाही. मला ठसका लागला. शेजारी रसायनशास्त्राच्या बाई होत्या. त्यांना वाटलं हुंदका आला. त्यांनी पाठीवर हात फिरवला, पाण्याचा ग्लास पुढे केला. सभा संपल्यावर वार्षिक अंकात तुझ्यावर लिहायचं काम साहजिकच माझ्या गळ्यात पडलं. इतकी वर्षं एका प्रयोगशाळेत काढलीत, तुमच्याइतकं त्यांना कोण ओळखतं, असं सगळे म्हणाले. खरंच आहे ते. अंकासाठी चार गोड ओळी लिहून देईन. हे मात्र फक्त तुला.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये असं म्हणतात. मला ते कधी पटलं नाही. माणूस गेलं म्हणून त्याने केलेलं जात नाही. तुझ्यावर मी चिडले होते, चिडलेली आहे, आणि तू नाहीस म्हणून आता जास्तच चिडले आहे, कारण भांडण अर्धं टाकून उठून जायची तुझी खोड तू शेवटपर्यंत सोडली नाहीस.

आज कपाटासमोर बसून लिहितेय. आपलं ते काळं लोखंडी कपाट, ज्याला मुलं भुताचं कपाट म्हणतात. आतून काळा रंग, फटींना काळा कागद, त्यावर चिकटपट्टी. तू ते भंगारात निघालेलं वाचवलंस आणि त्याची अंधारकोठडी केलीस, हे श्रेय तुझं. मी नोकरीला लागले तेव्हा मला उजेडाची शिस्त नव्हती. अंधारात उगवलेलं भाताचं रोप पिवळं, लांबडं होतं, उजेड शोधत वर धावत राहतं. साधा उजेड जरा जरी लागला तरी ते धावणं आवरतं घेतं आणि आपला प्रयोग संपतो. हिरव्या मंद उजेडाचा त्याला तेवढा त्रास होत नाही, म्हणून टॉर्चला हिरवा जिलेटिन कागद गुंडाळायचा, कपाट किलकिलं करायचं, श्वास रोखून काम करायचं, हे सगळं तू शिकवलंस. माझा हात थरथरायचा. तू मागून माझं मनगट धरायचीस. अजूनही टॉर्च धरली की मनगटावर तुझी बोटं जाणवतात, आणि मला त्याचाही राग येतो.

मी काय घेऊन आले होते ते आठवतं ना? प्लास्टिकच्या डब्यात मूठभर भात. न्हावा शेव्याच्या वाटेवरचं आमचं खाडीकडचं शेत, तिथे उंच भातात दरवर्षी थोडी बुटकी रोपं निघायची. बाबा ती उपटून टाकायचे. आई मात्र त्यांचं बी वेगळं काढून परसात एक ओळ लावायची. तू एकदा आमच्याकडे जेवायला आलीस तेव्हा तिला विचारलंस, हा कशाला जपता? ती म्हणाली, "आमी नाय टाकीत. ह्यो बुटका हाय, पन मेला नाय कदी." तू परतताना एस.टी.त तिची नक्कल करून दाखवलीस. मीही हसले होते. नक्कल चांगली होती.

त्या भातावर माझी पीएच.डी. उभी होती. झाडाच्या अंगात जिबरेलिन नावाचं संप्रेरक असतं. असतं इवलंसं, पण ते पेशीपाशी निरोप घेऊन जातं, मग पेशीतली ठरावीक जनुकं कामाला लागतात, पेशी लांबते, रोप वाढतं. बुटकी रोपं दोन प्रकारची. एकाच्या अंगात हे संप्रेरक पुरेसं तयारच होत नाही. त्याला बाहेरून थेंबभर दिलं की ते भराभर वाढून इतरांच्या बरोबरीला येतं. दुसऱ्याच्या अंगात संप्रेरक असतं, पण पेशीला निरोपच ऐकू येत नाही. त्यावर बाटली उपडी केली तरी ते आहे तेवढंच. पहिल्याला आपण उपाशी म्हणायचो, दुसऱ्याला बहिरं. माझ्या गावचा भात उपाशी की बहिरा, एवढाच माझा प्रश्न होता. मी म्हणत होते उपाशी. माझ्या डोळ्यांसमोर तो वाढणार होता आणि मी डॉक्टरेट मिळवणार होते, आमच्या गावातली पहिली.

त्यावरून आपण किती भांडलो. मी म्हणायचे, संप्रेरक येतं आणि झोपलेल्या जनुकाला उठवतं. तू नाकाने कांदे सोलत म्हणायचीस, झोपलेलं कोणी नसतं मंदा, जनुक जागंच असतं, त्याच्या डोक्यावर कोणीतरी हात दाबून बसलेलं असतं, संप्रेरक फक्त तो हात उचलायला लावतं. हात कोणाचा, ते दाखव, मी म्हणायचे. सापडेल, तू म्हणायचीस. आता मासिकांतून जे छापून येतं ते बघता तुझंच बरोबर ठरेल असं दिसतंय. तेवढ्यासाठी तरी तू थांबायला हवं होतंस. मला हरवायची एवढी आयती संधी तू कधी सोडली नव्हतीस.

मग ते वर्ष आलं. तुझ्या नवऱ्याच्या, श्रीकांतच्या हृदयाची झडप खराब झाली होती आणि दसऱ्यानंतर ऑपरेशन ठरलं होतं. तुझ्या घरी घट बसले त्याच दिवशी मी कपाटात माझा भात पेरला. दोन ट्रे. मागच्याला नुसतं पाणी, पुढच्याला पाण्यातून जिबरेलिन. कोंब वर आल्यावर हिरव्या टॉर्चमध्ये प्रत्येक रोपावर काळ्या शाईचे दोन बारीक ठिपके दिले. त्या ठिपक्यांमधलं अंतर किती वाढतं ते दसऱ्यानंतर मोजायचं होतं. मधल्या काळात कपाट उघडायचं नव्हतं. किल्ली तुझ्याकडे, कारण मी नवमीला गावी जाणार होते.

आणि तुझ्या घरी घटाखालचं धान उगवेना. वनस्पतिशास्त्राची प्राध्यापिका, आणि घटाभोवती नुसता चिखल! कारण तुझं तुलाच नंतर कळलं. घाईत तू घटासाठी माती कुठली नेलीस, तर प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातल्या घमेल्यातली. ती मी आमच्या खाजणातून मुलांना दाखवायला आणलेली खारी माती होती. तिच्यात गहू काय उगवणार? पण तुझ्या सासूबाईंना हे कोण सांगणार? माई रोज माळ बांधताना घटाकडे बघायच्या आणि श्रीकांतचं नाव घेऊन डोळ्यांना पदर लावायच्या. हे तू मला नंतर सांगितलंस. आधी सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं?

खंडेनवमीला कॉलेजात यंत्रांची पूजा असते. तू एरवी कसल्याच पूजेला नसायचीस, पण सूक्ष्मदर्शकांना हळदकुंकू आणि झेंडू वाहायला पहिली यायचीस, यंत्रं रुसतात म्हणून. त्या दिवशीही आलीस. खिडक्या सताड उघड्या, बाहेर लख्ख ऊन. पूजा झाल्यावर तू कपाट उघडलंस. आत वीतभर उंचीचं पिवळंधमक धान. पुढच्या ट्रेमधली सगळ्यांत उंच रोपं तू निवडून निवडून उपटलीस, खळगे बोटाने बुजवलेस आणि कपाट लावून टाकलंस. एक झेंडूची पाकळी तेवढी ट्रेमध्ये राहिली. तू नीटनेटकी बाई, पण पाकळी राहिली.

दसऱ्याला मी सोनं द्यायला तुझ्या तळ्याजवळच्या घरी आले. माईंनी नुकतेच घट हलवले होते. तुझे सासरे टोपीत धान खोचून झोपाळ्यावर बसले होते. मी वाकून नमस्कार केला आणि वर बघते तर टोपीतल्या पातीवर काळे ठिपके. दोन-दोन, माझ्या हातचे. मला आधी कळेचना. माणसाला आपलं पोर परक्याच्या घरात दिसावं तसं झालं. माई आनंदाने नुसत्या फुलल्या होत्या. "मंदा, बघ गं, शेवटच्या एका रात्रीत धान कसं तरारून वर आलं. आता माझा श्रीकांत धडधाकट घरी येतो की नाही बघ." मग त्यांनी एक पात उजेडात धरली. "पण हे काळं कसलं गं, नलू?"

तू स्वयंपाकघराच्या दारात होतीस. माझ्याकडे बघितलंस. मग अगदी साळसूदपणे म्हणालीस, "काजळ आहे, माई. दृष्ट लागू नये म्हणून मी लावलं."

माईंनी तुझ्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. मग उरलेलं धान घेऊन माझ्या अंबाड्यात खोचलं. माझंच धान, माझ्याच केसात, आणि मी मूग गिळून उभी. त्या बाईच्या चेहऱ्यावरचा तो आनंद मला मोडवला नाही. तू चहा आणलास. त्यात साखर दुप्पट होती.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. तू मागितलं असतंस ना, नलू, तर मी तो अख्खा ट्रे स्वतःच्या हाताने उचलून तुझ्या देवघरात आणून ठेवला असता. प्रयोग गेला तेल लावत. श्रीकांतसाठी दिला असता, माईंसाठी दिला असता. मागायला तुझी मान वाकली नाही. मंदाकडे काय मागायचं, तिचं आहे ते आपलंच, असा तुझा हिशेब. हा राग चोरीपेक्षा मोठा आहे.

सोमवारी मी तुला पाकळी दाखवली. तू नाकारलं नाहीस. सगळं सांगितलंस, मातीसकट, आणि म्हणालीस की सरांना मी स्वतः सांगते, फक्त ऑपरेशन होऊ दे. ऑपरेशन झालं. श्रीकांत घरी आला, धडधाकट. मला खरंच बरं वाटलं. मग तू म्हणालीस, जरा हिंडूफिरू दे त्याला. तोवर आपले मार्गदर्शक सर मुंबईहून येऊन टेबलाशी बसले होते.

मोजमाप काय निघायचं ते निघालं. पुढच्या ट्रेला भर दुपारचा उजेड बसला, ती रोपं थबकली. त्यातली उंच उंच तर माईंच्या घटात गेली होती. मागचा ट्रे सावलीत राहिला, तो अंधारात आपला वाढत गेला. औषध दिलेली आणि न दिलेली, दोन्ही सारखीच. मी सरांना सांगितलं की मधे कपाट उघडलं गेलंय. त्यांनी विचारलं, कोणी उघडलं? मी तुझ्याकडे बघितलं. तुला फक्त दोन शब्द बोलायचे होते.

"कोणी नाही, सर. किल्ली माझ्याकडेच होती." आणि वर हसून म्हणालीस, "रोपच बहिरं आहे. मंदासारखंच. कितीही घाला, वाढायचं नाव नाही."

सर हसले. मी उंचीला पाच फुटांच्या आत, त्यामुळे विनोद जमून आला होता. मग मी सगळं बोलले, घट, धान, काजळ. सरांनी चष्मा काढून पुसला. एका प्राध्यापिकेने देवीच्या घटासाठी प्रयोगातली रोपं चोरली, हे त्यांना इतकं हास्यास्पद वाटलं की त्यांनी मला चार दिवस रजा घ्यायला सुचवलं. तू खिडकीबाहेर कंटेनरच्या गाड्या बघत होतीस. केसाने गळा कापणं मी तोवर फक्त ऐकलं होतं.

माझा विषय बदलला गेला आणि नव्या विषयात मला कधी जीव लावता आला नाही. तू डॉक्टर झालीस, विभागप्रमुख झालीस. प्रयोग पुन्हा करायला कपाट लागतं, औषध लागतं, आणि दोन्ही तुझ्या कुलपात. मी दोनदा मागितलं. एकदा तू म्हणालीस, बाटली संपली. एकदा म्हणालीस, उकरून काय मिळणार आहे तुला?

लोकांना वाटतं इतकी वर्षं शेजारी बसणारी माणसं एक तर मैत्रिणी असतात नाही तर वैरिणी. आपलं काय होतं ते मला अजून सांगता येत नाही. तू मला पाण्यात पाहत नव्हतीस. रोज डब्यातली अर्धी भाजी न विचारता माझ्या झाकणात वाढायचीस. माझं इंग्रजी दुरुस्त करायचीस, तेही मुलांसमोर, आणि मग माझं पहिलं इंग्रजी भाषण रात्रभर मला पाठ करून घेतलंस. माझी आई आजारी होती तेव्हा तू तिच्या उशाशी बसून तिच्याच बोलीत तिला हसवत होतीस, आणि ती मला म्हणाली, "ही तुजी मैत्रीन बरी हाय गो." मी म्हटलं, हो. दोघींचंही मी ऐकून घेतलं. तू चांगली होतीस, नलू, हेच तर तुझं वाईट होतं. नुसती दुष्ट असतीस तर मी तुला केव्हाच टाकून मोकळी झाले असते.

तुझ्या आजारपणात शेवटचं भेटले तेव्हा वाटलं, आता तरी बोलशील. खोलीत आपण दोघीच होतो. तू पुन्हा तेच काढलंस, जनुक झोपलेलं असतं की दाबलेलं असतं. आवाज गेला होता, पण हेका तोच. मी मुद्दाम हरले नाही. तू दमून डोळे मिटलेस आणि म्हणालीस, कपाटाची किल्ली पर्समध्ये आहे, घे. मी वाट बघितली. पुढे काही आलं नाही. मी किल्ली घेतली आणि निघाले. किल्ली म्हणजे माफी नव्हे, हे तुला तिथेच सांगायला हवं होतं. तू झोपली होतीस की झोपेचं सोंग घेतलं होतंस, देव जाणे.

प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये अगदी मागे जिबरेलिनची बाटली सापडली. काळ्या कागदात गुंडाळलेली, सीलबंद, नवी. ती तू कोणासाठी मागवलीस हे कळायला आता काही मार्ग नाही, आणि तुझ्या बाजूने चांगलं धरून चालायची सवय मी मोडलेली आहे.

तेराव्याला तुझ्या घरी गेले होते. श्रीकांत भिंतीला टेकून बसला होता, आलेल्यांना तोच पाणी देत होता. माईंना आता नीट दिसत नाही. माझा हात धरून म्हणाल्या, यंदा आमच्याकडे घट नाहीत. नलूच्या हातचं धान काय यायचं गं, त्या वर्षी तर वीतभर आलं होतं. तू दसऱ्याला तुझ्याकडचं घेऊन ये, तिच्या फोटोपाशी ठेवू. मी म्हटलं, आणते.

घट बसले त्या दिवशी मी आईकडून आणलेलं बी भिजवून कपाटात पेरलं. तेच दोन ट्रे, मागे नुसतं पाणी, पुढे तुझी बाटली. कोंब वर आल्यावर प्रत्येक रोपावर शाईचे दोन ठिपके. आज आठवी माळ. किल्ली माझ्या कमरेला आहे आणि मी ती झोपतानाही काढत नाही. थोड्या वेळापूर्वी हिरवी टॉर्च घेऊन कपाट किलकिलं केलं. हात थरथरला नाही. मागच्या ट्रेमधली रोपं आहेत तेवढीच, ठेंगणी. पुढच्या ट्रेमध्ये ठिपक्यांमधलं अंतर मोजायचीही गरज नव्हती. वीतभर वर गेली आहेत, एकजात सगळी. बहिरी नव्हती, नलू. उपाशी होती. मी तिथेच फरशीवर बसले आणि रडले, आणि कोणासाठी ते मला विचारू नकोस.

परवा दसरा. सगळी मोजमापं टिपून झाली की पुढच्या ट्रेमधली मूठभर उंच रोपं मी स्वतः उपटीन आणि तुझ्या घरी घेऊन येईन. ठिपके पुसणार नाही. माई ती हातात घेतील, डोळ्यांच्या अगदी जवळ नेतील आणि विचारतील, हे काळं कसलं गं? काय सांगायचं ते मी अजून ठरवलेलं नाही. कदाचित काजळच म्हणेन. पण या वेळी उत्तर मी देणार आहे, आणि तू भिंतीवरून मूग गिळून ऐकणार आहेस.